सत्तावीस दिवसांनी परतणारा वारा

१८९८ च्या जानेवारीत करमाळा तालुक्यातल्या जेऊर स्टेशनाजवळ तंबू पडले होते. कर्जत-जामखेडची, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याची शीव तिथून फार लांब नाही. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल तिथे उतरले होते आणि त्यांनी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा सोबत आणला होता. त्याच गावी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं लावत होते. मुंबई-पुण्याकडे प्लेगचे दिवस होते. तरीही ही माणसं माळावर येऊन थांबली, कारण २२ जानेवारीला दुपारी खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर येऊन, सह्याद्री ओलांडून, जेऊरवरून वऱ्हाडाकडे जाणार होती. सूर्य जेमतेम दोन मिनिटं पूर्ण झाकला जाणार होता आणि तेवढ्या वेळात त्यांना सूर्याभोवतीचं प्रभामंडल, म्हणजे कोरोना, टिपायचं होतं.

विजयदुर्गावर त्याच दिवशी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते. हेलियमचा शोध लॉकियर यांनी या किल्ल्यावर लावला असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. पण सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा चर्चेत आली १८६८ मध्ये, आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी, या ग्रहणासाठी. किल्ल्याचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. फक्त साल नीट सांगायला हवं.

माझ्या मते त्या दिवसाचं सर्वांत मोलाचं छायाचित्र मात्र जेऊरला किंवा विजयदुर्गाला निघालं नाही. ते निघालं अमरावती जिल्ह्यातल्या तळणी या छोट्या स्टेशनापाशी. तिथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या तुकडीबरोबर ॲनी माउंडर आल्या होत्या. ग्रिनिचच्या वेधशाळेत त्या गणकाचं काम करत. १८९५ मध्ये लग्न झालं आणि तिथल्या नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. पती वॉल्टर माउंडर त्याच वेधशाळेत सूर्यावरच्या डागांची नोंद ठेवत. ॲनींकडे दीड इंच व्यासाचं छोटंसं भिंग होतं. कॅम्पबेल यांच्या चाळीस फुटी कॅमेऱ्यापुढे ते काहीच नव्हतं, पण त्याचा आवाका रुंद होता आणि मंद प्रकाश टिपण्यासाठी ते मुद्दाम निवडलेलं होतं. त्या भिंगानं प्रभामंडलाचा एक किरण सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे चौदा पट अंतरापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटरपर्यंत पकडला. इतका लांब किरण त्याआधी कुणी टिपला नव्हता. सूर्य आपल्या तेजस्वी गोळ्याच्या कडेला संपत नाही, त्याचं काहीतरी अवकाशात दूरवर पसरत जातं, हे वऱ्हाडातल्या त्या काचेवर उमटलं.

किरण उजळ होता, त्यामुळे सगळ्यांची नजर त्याच्याकडे गेली. पण सूर्याकडून आपल्यापर्यंत जो वारा सर्वांत वेगानं आणि सर्वांत नेमानं येतो, त्याचं मूळ उजळ किरणांच्या मधल्या अंधाऱ्या जागांत आहे. त्या जागांना आज कोरोनल होल म्हणतात. ही गोष्ट समजायला तळणीच्या ग्रहणानंतर पाऊणशे वर्षं जावी लागली.

सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो तो साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापलेला असतो. त्याच्या वरचं प्रभामंडल फार विरळ, पण तापमान दहा ते वीस लाख अंश. इतक्या उष्णतेत अणू फुटून विद्युतभारित कणांचा वायू तयार होतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. हा वायू मोकाट फिरत नाही, चुंबकीय रेषांच्या बाजूनंच सरकतो. जिथे रेषा सूर्यातून बाहेर पडून कमानीसारख्या पुन्हा सूर्यातच शिरतात तिथे वायू अडकून राहतो, साठतो आणि चमकतो. जिथे रेषा बाहेर पडून परत वळतच नाहीत, सरळ अवकाशात निघून जातात, तिथे वायूला अडवणारं कुणी नसतं. तो निसटत राहतो. मागे उरलेलं प्रभामंडल विरळ आणि तुलनेनं थंड असतं, म्हणून क्ष-किरणांत आणि अतिनील प्रकाशात काढलेल्या चित्रांत ती जागा काळी दिसते. नावात होल असलं तरी सूर्याच्या पृष्ठभागाला तिथे भोक पडलेलं नसतं. साध्या प्रकाशात त्या जागी काहीच वेगळं दिसत नाही. सूर्यावरचे डाग ही तर पूर्ण निराळी गोष्ट. डाग पृष्ठभागावर असतात आणि तिथलं चुंबकत्व अतिशय घट्ट आवळलेलं असतं. होल वरच्या प्रभामंडलात असतात आणि तिथलं चुंबकत्व विसविशीत, उघडं असतं.

सूर्याच्या ध्रुवांवर अशा मोठ्या काळ्या टोप्या बराच काळ असतात. त्यांचा वारा मुख्यतः वर-खाली निघून जातो, पृथ्वीला फारसा लागत नाही. अकरा वर्षांचं सौरचक्र कळस ओलांडून उतरणीला लागलं, की काळ्या जागांच्या शाखा विषुववृत्ताकडे पसरतात किंवा तिथेच स्वतंत्र होल तयार होतात. मग त्यांचं तोंड अधूनमधून थेट आपल्याकडे येतं. १८९८ हे वर्षही उतरणीचंच होतं.

वॉल्टर माउंडर यांनी १९०४ मध्ये ग्रिनिचच्या १८८२ ते १९०३ या काळातल्या चुंबकीय नोंदी मांडून पाहिल्या. पृथ्वीवरचं चुंबकत्व अधूनमधून अस्वस्थ होतं, होकायंत्राची सूक्ष्म सुई थरथरते, त्याला भूचुंबकीय वादळ म्हणतात. माउंडर यांना दिसलं की बरीच वादळं साधारण सत्तावीस दिवसांनी पुन्हा येतात. पृथ्वीवरून पाहता सूर्याला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला तेवढेच दिवस लागतात. याचा अर्थ सूर्यावरच्या ठरावीक जागेतून काहीतरी अरुंद झोतासारखं बाहेर पडतं, आणि ती जागा फिरून समोर आली की झोत पुन्हा पृथ्वीवर येतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८९२ मध्ये सूर्य अशी वादळं घडवूच शकत नाही असं ठामपणे सांगितलं होतं. त्यांचा हिशेब सूर्य सर्व दिशांना सारखा जोर लावतो असं धरून केलेला होता. झोत अरुंद असेल तर तो हिशेब लागूच पडत नाही. माउंडर यांनी दाखवलेली ही वाट मला फार महत्त्वाची वाटते. एका मोठ्या माणसाच्या आकडेमोडीपुढे त्यांनी बावीस वर्षांच्या नोंदी ठेवल्या.

झोताची जागा मात्र सापडेना. वादळ सुरू असताना सूर्याच्या मध्यावर अनेकदा डागच नसत. जर्मन भूभौतिकशास्त्रज्ञ युलियस बार्टेल्स यांनी १९३२ मध्ये या अदृश्य जागांना एम-प्रदेश असं नाव देऊन ठेवलं. १९५८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी गणितानं दाखवलं, की इतकं तापलेलं प्रभामंडल स्थिर राहूच शकत नाही, त्यातून सतत वारा वाहायलाच हवा. दोन परीक्षकांनी तो निबंध नाकारला होता. ॲस्ट्रोफिजिकल जर्नलचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना स्वतःला ती कल्पना पटत नव्हती, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी तो छापला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानानं वारा मोजला आणि त्यातले वेगवान झोत सत्तावीस दिवसांनी परततानाही पाहिले. १९७३ मध्ये स्कायलॅब या अवकाशस्थानकातून क्ष-किरणांत सूर्याची चित्रं महिनोन्‌महिने घेतली गेली. त्यांत इटलीच्या बुटासारखा दिसणारा एक लांबलचक काळा पट्टा फेरीमागून फेरी परत येत राहिला, आणि त्याच्या मागोमाग वाऱ्याचा झोत. बार्टेल्स यांचे एम-प्रदेश सापडले होते.

या काळ्या पट्ट्यातून निघालेला वारा सेकंदाला सातशे-आठशे किलोमीटर वेगानं धावतो. सूर्याचा नेहमीचा संथ वारा तीनशे-चारशेचा. पृथ्वी पंधरा कोटी किलोमीटरवर, म्हणजे वेगवान झोताला इथे पोचायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. सूर्य फिरत असल्यामुळे झोत अवकाशात वळणदार होतो आणि वाटेत आधी निघालेला संथ वारा त्याच्यापुढे येतो. गळीत हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असला की मागच्या गाड्यांची जशी दाटी होते, तशी दाटी इथे होते. ओव्हरटेक करायची सोय नाही, कारण चुंबकीय रेषांनी बांधलेले दोन वायू एकमेकांत मिसळत नाहीत. दोन्हींच्या सीमेवर वायू दाबला जातो, चुंबकीय क्षेत्रही दाबलं जाऊन तीव्र होतं. पृथ्वीवर आधी ही दाटी येऊन आदळते आणि मग तिच्या मागचा वेगवान वारा दोन-चार दिवस वाहत राहतो.

वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. कोरोनल होलच्या वाऱ्यात हे क्षेत्र एका दिशेला स्थिर नसतं, लाटांसारखं वर-खाली हेलकावत असतं. त्यामुळे ऊर्जा एकदम आत येत नाही, दिवसेंदिवस थोडी-थोडी येत राहते. इथेच सूर्यावरच्या स्फोटांनी येणारी वादळं वेगळी पडतात. १८५९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला जे महावादळ आलं, ते एका प्रचंड स्फोटाचं होतं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्या वेळी चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलेला नोंदला गेला, आणि आज जगभरचे शास्त्रज्ञ त्या वादळाचा जोर ठरवताना कुलाब्याच्या त्या नोंदीकडे येतात. २०२४ च्या मे महिन्यात लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल दिसलं, तेही स्फोटांमुळेच. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर खुद्द मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. कोरोनल होल असं काही आपल्या अक्षांशावर दाखवणार नाहीत. त्यांची वादळं बहुधा सौम्य ते मध्यम असतात. त्यांचा जोर चिकाटीत असतो.

अशी सौम्य वादळं टिपायला सूक्ष्म सुया लागतात, आणि मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या सुयांना त्यांचा त्रास होणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय कामासाठी अलिबागची जागा निवडली. तिथल्या इमारतीत लोखंड टाळलं, आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप करून त्यांनी नोंदींचा धागा तुटू दिला नाही. आज हे काम पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते. नगरपासून अलिबाग हवाई अंतरानं दोनशे किलोमीटर. वादळात पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर, विद्युतप्रवाहाचं एक कडं बळकट होतं आणि जमिनीवरचं क्षेत्र कमी करतं. ते कडं इतकं मोठं आहे की अलिबागच्या सुईला जे जाणवतं तेच पारनेरच्या माळावरही घडत असतं. होलच्या वादळात ही घट बहुधा पन्नास ते शंभर नॅनोटेस्लांची, आणि मूळ आडवा घटक आहे सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला. हातातलं होकायंत्र हा फरक दाखवत नाही. माणसाच्या शरीरालाही तो कळत नाही. सौर वादळानं डोकं दुखतं, मोबाइल बंद पडतात, वीज जाते असे संदेश फिरू लागले की हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. विजेच्या लांब वाहिन्यांत जमिनीतून प्रवाह शिरण्याचा धोका कॅनडा, स्कॅन्डिनेव्हिया अशा ध्रुवाजवळच्या प्रदेशांत खरा आहे. नगरच्या उपकेंद्राला होलच्या वाऱ्याचा तसा धोका नाही.

मग नगरकरांचा या वाऱ्याशी संबंध कुठे येतो? तो येतो ३६,००० किलोमीटर उंचीवर.

पाथर्डी, पारनेर, जामखेड हा पर्जन्यछायेतला मुलूख. पेरणी करायची की थांबायचं हे ज्या ढगांच्या चित्रांवरून हवामान खातं सांगतं, ती चित्रं इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये गेलेला इन्सॅट-३डीएस हे भूस्थिर उपग्रह पाठवतात. त्यांची कक्षा पृथ्वीभोवतीच्या बाहेरच्या प्रारण पट्ट्यात आहे. कोरोनल होलचा वेगवान वारा आला की एक-दोन दिवसांत त्या पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रचंड वाढतो. हे इलेक्ट्रॉन उपग्रहाचं कवच भेदून आतल्या तारांच्या आवरणात साठत जातात, आणि साठा फार झाला की आतल्या आत ठिणगी पडते. २० आणि २१ जानेवारी १९९४ ला कॅनडाचे ॲनिक-ई१ आणि ॲनिक-ई२ हे दोन दळणवळण उपग्रह असेच एकापाठोपाठ भरकटले. पहिला काही तासांत ताळ्यावर आला, दुसरा सावरायला काही महिने लागले. त्या वेळी सूर्यावर मोठा स्फोट झालेला नव्हता; वेगवान वारा मात्र कित्येक दिवस वाहत होता. १९९४ हेही सौरचक्राच्या उतरणीचंच वर्ष. मोठ्या स्फोटांच्या वादळांपेक्षाही भूस्थिर उपग्रहांना हा मंद, लांबलेला मारा अनेकदा जास्त जड जातो. म्हणूनच हे उपग्रह बांधताना आवरणं आणि भू-जोडणी यांचा विचार आधीच करावा लागतो, आणि अशा दिवसांत त्यांना चालवणारे लोक जोखमीच्या आज्ञा पुढे ढकलतात.

खालच्या कक्षांत परिणाम वेगळा. ध्रुवांकडे शिरलेल्या ऊर्जेनं वातावरणाचा वरचा थर तापतो, फुगतो आणि उपग्रहांना घासू लागतो. २००५ मध्ये सूर्यावर साधारण सारख्या अंतरावर तीन होल होते, आणि वरच्या वातावरणाची घनता चक्क नऊ-नऊ दिवसांच्या लयीत वर-खाली होत राहिली. सत्तावीसचे तीन भाग.

रात्रीच्या आकाशातही नगरची जागा मोक्याची आहे. चुंबकीय विषुववृत्त दक्षिणेत तिरुनेलवेलीच्या आसपास जातं. तिथे वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात वर उचललेला प्लाझ्मा दोन्ही बाजूंना सरकून उतरतो आणि उत्तरेकडे त्याची सर्वांत दाट पट्टी अहमदाबादच्या बाजूला पडते. नगर या दोहोंच्या मध्ये. सूर्य मावळल्यावर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, या थरात विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात आणि उपग्रहांकडून येणारे रेडिओ संकेत लुकलुकू लागतात. वादळानं तयार झालेली विद्युतक्षेत्रं कधी हे बुडबुडे दाबून टाकतात, तर कधी मध्यरात्रीनंतर, भलत्याच वेळी उठवतात. पारनेर-संगमनेरच्या शेजारी, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. कमी वारंवारतेवर निरीक्षण करणाऱ्यांना या थराचा हिशेब काढल्याशिवाय दूरच्या दीर्घिकांचं चित्रच मिळत नाही. ती दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनीच त्याआधी उटीची रेडिओ दुर्बीण बांधली होती, आणि तिथे रेडिओ स्रोतांच्या लुकलुकण्यावरून सौरवाऱ्याचा वेग काढण्याचं काम कित्येक वर्षं चाललं. एकाला जो अडथळा, तोच दुसऱ्याला मोजमापाचं साधन. जमीन मोजणीचे रोव्हर, फवारणीचे ड्रोन यांचं सेंटिमीटरमधलं स्थान उपग्रहांच्या याच संकेतांवर ठरतं. मोजणी आणि फवारणी दिवसा होते आणि बुडबुडे मुख्यतः रात्री येतात, त्यामुळे आज तरी शिवारात त्याची फारशी झळ नाही.

आता अंदाजाकडे. स्फोट कधी होईल हे आधी सांगणं अजून कुणाला नीट जमत नाही. कोरोनल होलचं तसं नाही. आज समोर असलेला होल टिकला तर एका फेरीनं पुन्हा समोर येणार. पृथ्वीवरून दिसणारी सूर्याची सरासरी फेरी २७.२८ दिवसांची. चंद्राला सगळी नक्षत्रं फिरून पुन्हा त्याच नक्षत्रात यायला लागतात २७.३२ दिवस. चंद्राचा वाऱ्याशी काडीचाही संबंध नाही, आकडे निव्वळ योगायोगानं जवळ आलेत, पण घरातल्या पंचांगाचा इथे उपयोग होतो. झोत आला त्या दिवशी चंद्र रोहिणीत असेल, तर तो पुन्हा रोहिणीत येईल तेव्हा झोतही दारात असेल. जुन्या निरीक्षकांना या जवळीकीनं त्रासच दिला: त्रिवेंद्रमच्या वेधशाळेचे जॉन ॲलन ब्रून यांना चुंबकीय नोंदींत सूर्याच्या फेरीचा वाटा किती आणि चंद्राचा किती हे वेगळं करत बसावं लागलं होतं.

फेरीगणिक होलचा आकार बदलतो, तो सरकतो, फाटतो, विरतो. म्हणून जवळून राखणही लागते. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं आदित्य-एल१ पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, वाऱ्याच्या वाटेत उभं आहे. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झाली; ती सूर्याचे खालचे थर पाहते. वाऱ्यातले कण मोजायला ॲस्पेक्स आणि पापा ही उपकरणं आहेत, आणि चुंबकीय क्षेत्रासाठी मॅग्नेटोमीटर. सातशे किलोमीटर वेगाचा वारा त्या यानावरून पृथ्वीपर्यंत यायला सुमारे पस्तीस मिनिटं घेतो. क्षेत्र दक्षिणेकडे वळलंय की नाही हे मात्र तिथे पोचल्यावरच कळतं, सूर्याच्या चित्रावरून कळत नाही.

सध्याचं पंचविसावं सौरचक्र २०२४ च्या अखेरीस कळसाला पोचलं आणि आता उतरतं आहे. डाग कमी होतील, बातम्याही कमी होतील, पण पुढची काही वर्षं होलांची आहेत. तेविसाव्या चक्राचा कळस २००१ च्या आसपास होता, आणि वर्षभराची सरासरी पाहिली तर पृथ्वीचं चुंबकत्व त्याहून जास्त खवळलेलं राहिलं ते २००३ मध्ये. नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या शाळा-कॉलेजांतल्या विज्ञान मंडळांनी हे काम जरूर हाती घ्यावं. नासाच्या एसडीओ उपग्रहाची सूर्याची चित्रं रोज इंटरनेटवर खुली असतात. त्यांतलं १९३ अँगस्ट्रॉमचं तपकिरी चित्र उघडायचं, मध्यरेषेवर काळा पट्टा आला की भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करायची, तीन दिवसांनी वाऱ्याचा वेग आणि भूचुंबकीय निर्देशांक बघून तिथेच लिहायचा, आणि सत्तावीस दिवस पुढे मोजून दुसरी खूण आधीच करून ठेवायची. वर्षाला तेरा फेऱ्या होतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून मुलांचा अंदाज बरोबर येऊ लागतो.